आधी यूआयएन, मग पैसे: सोलापुरातून परदेशात उपकंपनी काढताना पायऱ्यांचा क्रम

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल, चादर आणि युनिफॉर्मच्या निर्यातदारांना आता परदेशात स्वतःची कंपनी हवी आहे. कारण व्यवहारातलं आहे. तिकडचा दुकानदार अख्खा कंटेनर घेत नाही. त्याला दर आठवड्याला थोड्या पेट्या लागतात, बिल स्थानिक कंपनीचं लागतं आणि खराब माल परत घ्यायला जवळ कुणीतरी लागतं. म्हणून ब्रिटन, जर्मनी, अमेरिका किंवा दुबईत छोटी उपकंपनी काढायची, हा विचार योग्य आहे.

चुकतो तो क्रम. ऑनलाइन एजंटकडून दोन दिवसांत कंपनी नोंदवली जाते, फी संचालकाच्या क्रेडिट कार्डावरून जाते, शेअर मुलाच्या नावावर निघतात, आणि पैसे पाठवायची वेळ आली की मंडळी बँकेत येतात. तोवर फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, उल्लंघन झालेलं असतं, आणि ते निस्तरायला कंपनी काढण्यापेक्षा जास्त वेळ आणि पैसा जातो. हा लेख तो क्रम सरळ करण्यासाठी आहे: आधी रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीतून परदेशी कंपनीसाठी मिळणारा ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, आणि मगच पैसे. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेले परदेशी गुंतवणुकीचे नियम त्याला आधार आहेत. त्याआधीच्या, २००४ च्या नियमांवर लिहिलेले जुने लेख अजून फिरत असतात. त्यांवर विसंबू नका.

## आधी एक प्रश्न: कंपनी खरंच लागते का?

तिकडे फक्त ऑर्डर घेणारा माणूस आणि एखादी खोली हवी असेल, तर शाखा किंवा प्रतिनिधी कार्यालय पुरतं. त्याची वाट वेगळी आहे. सुरुवातीच्या खर्चासाठी मागच्या दोन वर्षांच्या सरासरी वार्षिक विक्रीच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि नंतरच्या चालू खर्चासाठी १० टक्क्यांपर्यंत रक्कम पाठवता येते. माल भाड्याच्या गोदामात ठेवून विकायचा असेल, तर कन्साइनमेंटवरही, म्हणजे माल विकला गेल्यावर पैसे घेण्याच्या बोलीवरही, भागतं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा अनेकांनी विचारलं की तिकडे कंपनी काढली तर शुल्क वाचेल का. नाही वाचणार. आयात शुल्क मालाच्या मूळ देशावर ठरतं, विकणाऱ्याच्या पत्त्यावर नाही. सोलापुरात विणलेला टॉवेल न्यू जर्सीच्या गोदामात नेऊन त्याच्या कडा शिवल्या, तरी तो भारतीयच राहतो. उपकंपनीचा उपयोग विक्री, वसुली आणि साठा यांसाठी आहे. शुल्क चुकवण्यासाठी ती काढत असाल, तर इथेच थांबा.

## टप्पा १: गुंतवणूक कोण करणार?

सोलापुरात सर्वांत जास्त प्रकरणं इथे अडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडे बरेच कारखाने प्रोप्रायटरी आहेत, काही एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) नावावर आहेत, आणि भागीदारीत असले तरी भागीदारीची नोंदणी राहिलेली असते. नियमांत ज्याला इंडियन एंटिटी म्हणतात त्यात कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), बॉडी कॉर्पोरेट (कायद्याने स्थापन झालेली संस्था) आणि १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली नोंदलेली फर्म येते. एचयूएफ येत नाही. नोंदणी नसलेली फर्म येत नाही.

प्रोप्रायटर व्यक्ती म्हणून गुंतवणूक करू शकतो, पण त्याला एलआरएसची, म्हणजे व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची, मर्यादा आहे: एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. मुलांची फी, परदेश प्रवास, नातेवाइकांना पाठवलेले पैसे हे सगळं त्याच मर्यादेत मोजलं जातं. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ वसूल होणारा आयकर) कापते. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण खेळतं भांडवल तोवर अडकतं. शिवाय नियंत्रण व्यक्तीच्या हातात असेल, तर त्या परदेशी कंपनीला पुढे स्वतःची उपकंपनी ठेवता येत नाही. कर्ज किंवा हमी देऊन त्या कंपनीला बळ देण्याची वाटही इंडियन एंटिटीसाठी आहे, व्यक्तीसाठी नाही.

माझं मत स्पष्ट आहे. एक-दोन वर्षांत तिकडे खरा व्यवसाय उभा करायचा असेल, तर आधी इथली फर्म एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड करा आणि एक पूर्ण ताळेबंद तिच्या नावाने होऊ द्या. त्यात वेळ जातो, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या होतात.

तपासा: फर्मचं नोंदणी प्रमाणपत्र हातात आहे का? पॅन, आयात-निर्यात कोड आणि बँक खाते या तिन्हींवर नाव अक्षरशः एकच आहे का? ‘अँड ब्रदर्स’ एका ठिकाणी असेल आणि दुसऱ्या ठिकाणी नसेल, तर आत्ताच दुरुस्त करा.

## टप्पा २: नेटवर्थ आणि मर्यादा

इंडियन एंटिटीची परदेशातली एकूण वित्तीय बांधिलकी शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदातल्या नेटवर्थच्या, म्हणजे भांडवल आणि साठलेल्या नफ्याच्या, ४०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तो ताळेबंद १८ महिन्यांपेक्षा जुना नको. नेटवर्थ ३ कोटी असेल, तर मर्यादा १२ कोटी.

मोजताना तीन चुका होतात. जागेचं पुनर्मूल्यांकन करून वाढवलेला राखीव निधी लोक धरतात. तो धरायचा नाही. घरच्या माणसांकडून घेतलेली बिनतारण ठेव भांडवल समजली जाते. ती कर्ज आहे. आणि बांधिलकी म्हणजे फक्त शेअरचे पैसे, असं मानलं जातं. उपकंपनीला दिलेलं कर्ज आणि तिच्यासाठी दिलेली हमीसुद्धा यात मोजतात. साधी हमी पूर्ण, परफॉर्मन्स गॅरंटी (काम पूर्ण करण्याची हमी) निम्मी.

मर्यादा मोठी आहे म्हणून तेवढी वापरायची नसते. कॅश क्रेडिटमधून (खेळत्या भांडवलाच्या बँक कर्जातून) उचललेले पैसे भागभांडवल म्हणून बाहेर गेले, तर तुमचीच बँक पुढच्या नूतनीकरणाला प्रश्न विचारेल. सुताचे भाव वर गेले की सोलापुरात सगळ्यांचंच खेळतं भांडवल आवळतं. त्या दिवसांत तिकडे अडकलेला पैसा परत मागवता येत नाही.

सावध: तुमचं कोणतंही कर्जखातं एनपीए (थकीत) असेल, तुम्ही विलफुल डिफॉल्टर (जाणूनबुजून कर्ज थकवणारे) ठरला असाल, किंवा ईडी, सीबीआय, एसएफआयओ (गंभीर फसवणूक तपास कार्यालय) वा वित्तीय नियामकाची चौकशी चालू असेल, तर संबंधित बँकेची किंवा यंत्रणेची ना-हरकत आधी लागते. अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर हरकत नाही असं धरता येतं. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. नियमित खातेदारांनीही मंजुरीपत्राच्या अटी वाचाव्यात. उपकंपनीत गुंतवणुकीआधी बँकेची परवानगी घ्या, ही ओळ त्यात अनेकदा असते.

## टप्पा ३: देश आणि कंपनीचा प्रकार

नियमानुसार परदेशी कंपनीची जबाबदारी मर्यादित असली पाहिजे. दुबईत स्वस्त मिळतं म्हणून काही जण सोल एस्टॅब्लिशमेंटचा परवाना घेतात. त्यात मालकाची जबाबदारी अमर्याद असते, त्यामुळे ही गुंतवणूक या वाटेने बसतच नाही. फ्री झोनमधली किंवा मुख्य भूमीवरची मर्यादित जबाबदारीची कंपनीच घ्या. तिथे जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांच्या ३,७५,००० दिरहमवरील नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे, हेही हिशेबात धरा. रिअल इस्टेटचा धंदा आणि जुगार यांत गुंतवणूक करता येत नाही. गोदाम घेणं चालतं, गोदामांची खरेदी-विक्री चालत नाही.

ब्रिटन. नोंदणी ऑनलाइन होते, तिथला रहिवासी संचालक लागत नाही. मात्र १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकांना ओळख पडताळणी सक्तीची आहे. ती आधी उरका. कर मोजताना एक गोष्ट हमखास निसटते. ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के दर आहे, पण संलग्न कंपन्यांच्या संख्येने ही मर्यादा विभागली जाते, आणि तुमची सोलापूरची चालू कंपनीही संलग्न धरली जाते. म्हणजे एकच उपकंपनी असली तरी मर्यादा २५,००० पौंडांवर येते. मुख्य दर २५ टक्के आहे.

जर्मनी. जीएमबीएचसाठी (तिकडच्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीसाठी) किमान भांडवल २५,००० युरो, आणि नोंदणीआधी त्यातले निदान १२,५०० भरलेले असावे लागतात. इथे क्रम ब्रिटनच्या उलटा आहे. आधी नोटरीसमोर दस्त, मग ‘स्थापनेत असलेल्या’ कंपनीच्या नावाने खातं, मग भांडवल जमा, आणि त्यानंतर व्यापारी रजिस्टरमध्ये नोंद. म्हणजे पैसे जातात तेव्हा कंपनीला नोंदणी क्रमांकच नसतो. इथल्या बँकेला हे आधी समजावून सांगा, नाहीतर ती रजिस्टरचा उतारा मागत बसते आणि तिकडचा नोटरी पैशांची वाट पाहत बसतो.

अमेरिका. एलएलसी (तिकडची मर्यादित जबाबदारीची कंपनी) सोपी वाटते, पण तिकडे ती करासाठी मालकाचाच भाग धरली जाऊ शकते आणि इकडे वेगळी कंपनी मानली जाते. या विसंगतीत करसवलत अडकते. सीएशी बोलल्याशिवाय एलएलसी घेऊ नका. परदेशी मालकाच्या कंपनीने मालकाशी झालेले व्यवहार दाखवणारा फॉर्म ५४७२ भरला नाही, तर दंड २५,००० डॉलरचा आहे. अनेक छोट्या कंपन्यांचं वर्षभराचं भांडवल तेवढं नसतं.

## टप्पा ४: ठराव आणि कागद

प्रायव्हेट लिमिटेडसाठी कंपनी कायद्याचं कलम १८६ वाचा. ठराव प्रत्यक्ष बोर्ड बैठकीत, हजर असलेल्या सगळ्या संचालकांच्या संमतीने व्हावा लागतो. सह्यांसाठी कागद घरोघर फिरवून चालत नाही. ठरावात देश, परदेशी कंपनीचं नाव, रक्कम, चलन, शेअर की कर्ज आणि सही कोण करणार, हे सगळं असू द्या. ‘योग्य त्या देशात योग्य ती रक्कम’ अशा मोघम भाषेचा ठराव बँक परत पाठवते.

तिकडे लागणाऱ्या कागदांवर, म्हणजे इन्कॉर्पोरेशन प्रमाणपत्र, मेमोरंडम (कंपनीच्या स्थापनेचा दस्त), ठराव आणि कुलमुखत्यारपत्र यांवर, चेंबर ऑफ कॉमर्सचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का) असा सर्वसाधारण मार्ग आहे. जर्मनीसाठी नुसत्या अपॉस्टिलवर विसंबू नका. भारत अपॉस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली होती. कोणतं साक्षांकन चालेल हे तिकडच्या नोटरीकडून लेखी घ्या.

चालू परदेशी कंपनी विकत घेत असाल, तर किंमत बाजाराला धरून असल्याचा मूल्यांकन अहवाल लागतो. नव्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीला घेताना हा भाग सोपा असतो.

## टप्पा ५: बँक, फॉर्म एफसी आणि यूआयएन

आपल्याकडे अनेकांचं मुख्य खातं सहकारी बँकेत असतं. हे काम परकीय चलनाचा पूर्ण परवाना असलेल्या बँकेतूनच होतं. सोलापूरची शाखा बहुधा फाइल पुण्याच्या किंवा मुंबईच्या फॉरेक्स विभागाकडे पाठवते, म्हणून पहिल्याच दिवशी तिथल्या अधिकाऱ्याशी थेट बोला. एका परदेशी कंपनीचे सगळे व्यवहार पुढे याच बँकेतून करायचे असतात.

क्रम असा ठेवा:

१. प्रस्ताव, ठराव, ताळेबंद आणि नेटवर्थचं गणित बँकेला दाखवून त्यांची कागदांची यादी लेखी घ्या.

२. फॉर्म एफसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कळवण्याचा फॉर्म, भरा, लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र जोडा. हा फॉर्म पैसे पाठवताना किंवा बांधिलकी होताना, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा द्यायचा असतो. मेमोरंडमवर सही करून शेअर घेतले, पैसे नंतर देणार असलात तरी बांधिलकी झाली. त्यामुळे नोंदणीच्या दिवशी फॉर्म तयार हवा.

३. बँक रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीतून यूआयएन घेते.

४. यूआयएन हातात आल्यावरच रक्कम पाठवा, कंपनीच्या खात्यातून परदेशी कंपनीच्या खात्यात. रोख चालत नाही. भागभांडवल संचालकाच्या कार्डावरूनही नाही.

५. स्विफ्ट संदेशाची (पैसे पाठवल्याच्या बँक-ते-बँक संदेशाची) प्रत लगेच मागून घ्या. पाठवणाऱ्याचं नाव, पोचणाऱ्याचं नाव, हेतू आणि रक्कम ही चार घरं फॉर्मशी ताडून पाहा.

सावध: यूआयएन म्हणजे रिझर्व्ह बँकेची मंजुरी नव्हे, तो फक्त क्रमांक आहे. नियम पाळले की नाही याची जबाबदारी तुमचीच राहते. दुसऱ्यांदा पैसे पाठवताना यूआयएन तोच राहतो, पण फॉर्म एफसी पुन्हा भरायचा असतो. हे विसरणारे बरेच आहेत.

## टप्पा ६: सहा महिन्यांत शेअरचा पुरावा

पैसे गेल्यापासून सहा महिन्यांत शेअर प्रमाणपत्र किंवा तसा पुरावा बँकेत द्यायचा. पुरावा देता येत नसेल, तर त्याच सहा महिन्यांत रक्कम परत आणायची.

इथली एक चूक नीट समजून घ्या, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. ब्रिटनमधला एजंट कंपनी १०० पौंडांच्या भांडवलावर नोंदवतो. इथून ४०,००० पौंड शेअरसाठी म्हणून जातात. तिकडचा हिशेबनीस बँकेत आलेली रक्कम पाहतो, त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं, आणि तो ३९,९०० पौंड ‘मूळ कंपनीचं देणं’ म्हणून लिहितो. इथल्या फॉर्मवर ते भागभांडवल, तिथल्या ताळेबंदात कर्ज. वर्षअखेरीला दोन्ही कागद शेजारी ठेवले की घोटाळा दिसतो, तोवर सहा महिने उलटलेले असतात.

उपाय साधा आहे. पैसे पोचले त्याच आठवड्यात तिकडच्या बोर्डाने शेअर वाटपाचा ठराव करावा, ब्रिटनमध्ये शेअर वाटप कळवणारा एसएच०१ फॉर्म एका महिन्यात भरावा, आणि प्रमाणपत्रावर इंडियन एंटिटीचं नाव असावं. संचालकाचं नाही, मुलाचंही नाही.

तपासा: फॉर्म एफसी, स्विफ्ट, शेअर प्रमाणपत्र आणि तिकडचा ताळेबंद, चारही ठिकाणी रक्कम आणि तिचा प्रकार एकच आहे ना?

## टप्पा ७: स्वतःच्याच कंपनीला माल विकताना

उपकंपनीला पाठवलेला टॉवेल ही निर्यातच आहे. दोन्हीकडे मालक एकच म्हणून वसुली सैल सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या मुदतीत पैसे यायलाच हवेत. उपकंपनीकडे तेवढी रोकड नसेल, तर थकलेली रक्कम शेअरमध्ये बदलता येते, पण वसुलीची मुदत संपण्याआधी आणि फॉर्म एफसी भरून. मुदत उलटल्यावर परवानगीच्या फेऱ्यात पडाल.

भाव बाहेरच्या ग्राहकाला लावता तसाच लावा. एकाच जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम), एकाच वजनाचा टॉवेल परक्या खरेदीदाराला एका दराने आणि स्वतःच्या कंपनीला वीस टक्के कमी दराने गेला, तर कारण लिहून ठेवा: मोठी ऑर्डर, विम्याचा भार तिकडे, साठ्याची जोखीम तिकडे. ३१ ऑक्टोबरपर्यंत सीएकडून फॉर्म ३सीईबी (संबंधित परदेशी कंपनीशी झालेल्या व्यवहारांचा अहवाल) भरावा लागतो, आणि त्याला रकमेची किमान मर्यादा नाही. ‘आमचा व्यवहार छोटा आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. तिकडचं कस्टम्सही संबंधित पक्षांतला भाव तपासतं. इथे कमी दाखवा किंवा तिथे, एका टोकाला प्रश्न येतोच.

## टप्पा ८: वर्षाचं वेळापत्रक

१५ जुलै: एफएलए विवरण (परदेशी येणी-देणी आणि मालमत्तेचं), थेट रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर. हे बँक भरत नाही, तुम्हालाच भरायचं असतं.

आयकर विवरणपत्राबरोबर: शेड्यूल एफए. यात परदेशी मालमत्ता कॅलेंडर वर्षाप्रमाणे दाखवतात, आर्थिक वर्षाप्रमाणे नाही. ती दडवली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

३१ डिसेंबर: एपीआर (परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल), बँकेमार्फत. तुमचं नियंत्रण असेल, तर त्यासाठी परदेशी कंपनीचे लेखापरीक्षित हिशेब लागतात. तिकडच्या कायद्यात छोट्या कंपनीला ऑडिट माफ असलं तरी तुमची सुटका होत नाही. तिकडचा हिशेबनीस ‘गरज नाही’ म्हणेल. त्याच्या दृष्टीने ते खरं आहे, तुमच्या दृष्टीने नाही.

कंपनीने वर्षभर एक पेटीही विकली नाही, तरी एपीआर भरायचाच. उशीर झाला तर प्रत्येक विवरणामागे ७,५०० रुपये विलंब शुल्क, आणि ते नियमित होईपर्यंत त्या कंपनीत नवी गुंतवणूक बंद. मोसम तोंडावर असताना तिकडे भाड्याचे पैसे पाठवता येत नाहीत, आणि त्यामागे दोन वर्षांपूर्वीचा न भरलेला एपीआर निघतो.

नफा घरी आणताना कर करार पाहून घ्या. जर्मनीतून येणाऱ्या लाभांशावर तिकडची कपात करारानुसार १० टक्क्यांपर्यंत आहे. अमेरिकेत भारतीय कंपनीकडे १० टक्के किंवा जास्त मतदानहक्क असतील तर १५ टक्के, नाहीतर २५.

## टप्पा ९: विकायची किंवा बंद करायची असेल तर

कंपनी पूर्ण विकायची असेल, तर गुंतवणुकीला किमान एक वर्ष झालेलं असावं आणि तिच्याकडून काही येणं बाकी नसावं. विक्रीचे पैसे देय झाल्यापासून ९० दिवसांत भारतात आणा आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत बँकेला कळवा.

बंद करताना तिकडची नोंदणी सर्वांत शेवटी रद्द करा. ब्रिटनमध्ये कंपनी रजिस्टरमधून निघाली की तिच्या खात्यात उरलेली रक्कम राजसत्तेकडे जमा होते, आणि ती सोडवायला वकील लागतो. म्हणून आधी येणी वसूल करा, गोदामातला माल विका किंवा परत मागवा, देणी आणि कर चुकवा, शिल्लक इकडे आणा. शेवटचा एपीआर भरा. मग तिकडे रद्द करण्याचा अर्ज द्या, आणि त्याची प्रत जोडून इथल्या बँकेकडून यूआयएन बंद झाल्याचं लेखी घ्या. ते पत्र नसेल, तर बँकेच्या नोंदीत कंपनी चालूच राहते आणि दर डिसेंबरला एपीआर मागितला जातो.